पोलिसांनी रिव्हॉल्वर सोडायला इतकी वर्षं का लावली?

क्वीन्सकर (धागालेखक)

अमेरिकन लष्कराने कोल्टचं .४५ पिस्तूल १९११ साली स्वीकारलं. मुठीत सात गोळ्यांचं मॅगझिन, रिकामं झालं की काढून दुसरं खुपसायचं. दोन महायुद्धं त्यावर निघाली. तरीही १९८० उजाडलं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक पोलिसांच्या कमरेला सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वरच होतं.

मी राहतो त्या न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्येच, फार रॉकअवे भागात, २८ जून १९८६ रोजी स्कॉट गाडेल नावाचा २२ वर्षांचा पोलीस मारला गेला. समोरच्याकडे ९ एमएमचं पिस्तूल, याच्याकडे .३८ चं रिव्हॉल्वर. सहा गोळ्या संपल्या आणि कमरेच्या पाकिटातून सुट्या गोळ्या काढून भरत असताना त्याच्या डोक्यात गोळी बसली. यानंतरही न्यूयॉर्क पोलिसांनी ९ एमएम पिस्तुलाला सरसकट मुभा दिली ती १९९३ मध्ये. मधली सात वर्षं कशात गेली?

मला यात झापडबंद नोकरशाही दिसते. कुणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट लिहा.

घाटावरचा

नोकरशाही आणि पैसा. बाकी काही नाही.

दगडफूल

पैसा आहेच, पण घाटावरचा म्हणतात तितकं सोपं नाही. मी हौशी नेमबाज आहे, दोन्ही प्रकार हाताळलेत, म्हणून थोडं यंत्राबद्दल.

रिव्हॉल्वरमध्ये गोळी फुसकी निघाली तर काय करायचं? चाप पुन्हा ओढायचा. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं गोल चाक, फिरतो, पुढची गोळी नळीसमोर येते, संपलं. पिस्तुलात फुसकी गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, बसून राहते. डाव्या हाताने वरचा सरकता भाग (स्लाइड) मागे खेचून ती बाहेर काढायची, नवी आत जाऊ द्यायची, मग पुन्हा नेम. हे घरात बसून सोपं वाटतं. समोरून गोळ्या येताना, एक हात जखमी असताना, ज्याने याचा सराव केलेला नाही तो गोठतो.

दुसरं म्हणजे दारूगोळा. पिस्तूल स्वतःच्याच धक्क्यावर चालतं. गोळी कमजोर असेल, तिच्या टोकाचा आकार वेगळा असेल किंवा धरणाऱ्याचं मनगट ढिलं पडलं, तर पुंगळी, म्हणजे झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच, अर्धवट अडकते. टोकाला खळगा असलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी पोलिसांना हवी असते, कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची भीती कमी. पण जुनी पिस्तुलं गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी घडवलेली. खळग्याची गोळी त्यांच्यात अडकायची. रिव्हॉल्वरला टोकाचा आकार कसाही चालतो.

पाट्या-वरवंट्यासारखं आहे ते, वीज गेली तरी चटणी होतेच.

सुरंगी

दगडफूल यांच्या मुद्द्याला लंडनचं उदाहरण जोडते. २० मार्च १९७४ ला इथे द मॉल रस्त्यावर राजकन्या ॲन यांच्या गाडीवर हल्ला झाला, पळवून न्यायचा प्रयत्न होता. त्यांचे अंगरक्षक जेम्स बीटन यांच्याकडे वॉल्थर पीपीके पिस्तूल होतं. एक गोळी सुटली आणि पिस्तूल अडकलं. हातात निकामी हत्यार घेऊन हा माणूस राजकन्येच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये उभा राहिला, तीन गोळ्या खाल्ल्या आणि वाचला. पुढे त्यांना शौर्यासाठी जॉर्ज क्रॉस मिळाला.

धाग्याशी संबंध असा, की त्यानंतर अंगरक्षकांकडची ही पिस्तुलं काढून घेतली आणि बदली दिली ती पाच गोळ्यांची स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वरं. म्हणजे पिस्तुलाकडून रिव्हॉल्वरकडे उलटा प्रवास, आणि तोही अनुभवाने पोळल्यावर. याला झापडबंदपणा म्हणवत नाही मला.

निवृत्त खाकी

सर्वांना नमस्कार. जिल्हा पोलीस दलात नोकरी झाली, त्यामुळे अमेरिकेचं नव्हे, माझ्या हातातल्या हत्याराचं सांगतो.

आम्हाला सुरुवातीला .३८ रिव्हॉल्वर असायचं. नंतर ईशापूरच्या कारखान्यातलं ९ एमएम पिस्तूल आलं, ब्राउनिंगच्या धर्तीचं, १३ गोळ्यांचं. शस्त्रागारातून हत्यार घेताना रजिस्टरला नंबर लिहायचा, सही करायची, गोळ्या मोजून घ्यायच्या, ड्यूटी संपली की मोजून परत. एक गोळी कमी भरली तर खातेनिहाय चौकशी. आणि चांदमारी वर्षाकाठी एकदा, तीही बंदोबस्त नसला तर.

चांदमारीला झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागत. रिव्हॉल्वर असतं तेव्हा त्रास नाही. सहाही पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात, दांडी दाबली की तळहातावर येतात. पिस्तुलाची पुंगळी उजवीकडे उडून गवतात जाते. फायरिंग दहा मिनिटांत उरकायचं आणि मग अख्खी तुकडी ओणवी होऊन गवत चाळत बसायची. हवालदार मंडळी म्हणायची, साहेब, ते जुनंच बरं होतं.

सांगायचा मुद्दा, वर्षातून एकदा ज्याच्या हाती हत्यार पडतं त्याला रिव्हॉल्वर समजतं. भरलेलं आहे की नाही ते सिलिंडर उघडून डोळ्याला दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये राहते, आणि ती विसरणारे चांगले चांगले लोक मी पाहिलेत. एकदा ठाण्यात साफसफाई करताना अशीच गोळी सुटून टेबलाच्या खणात शिरली. नशीब बलवत्तर म्हणून पाय वाचला. क्वीन्सकर, ज्या अधिकाऱ्याला हजारो माणसांना हत्यारं वाटायची आहेत तो ही गोळी आधी मोजतो.

रंकाळ्याचा भोंगा

खाकीकाका, एक नंबर लिहिलंय! पुंगळ्यांवरून आठवलं. १९७० साली कॅलिफोर्नियात न्यूहॉलला हायवे पोलिसांचे चार जण एका रात्रीत मारले गेले. त्यातल्या एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या म्हणतात. सरावात पुंगळ्या गोळा करून खिशात टाकायची सवय, म्हणून खऱ्या चकमकीतही तेच केलं आणि तेवढ्यात गोळी लागली.

दगडफूल

ही गोष्ट नेमबाजीच्या प्रत्येक वर्गात सांगतात, पण पुढे खोलात जाऊन घटनेचा अभ्यास झाला त्यात तिला आधार मिळाला नाही. पुंगळ्या जमिनीवर पडलेल्या होत्या. खरं घडलं ते इतकंच, की तो पोलीस सुट्या गोळ्या एकेक करून सिलिंडरमध्ये भरत होता आणि सिलिंडर बंद करण्याच्या बेतात असताना हल्लेखोर त्याच्यापर्यंत पोचला.

न्यूहॉलचा परिणाम मोठा झाला, पण पिस्तूल आलं नाही. कॅलिफोर्निया हायवे पोलिसांनी स्पीडलोडर दिले. सहाही गोळ्या एका गोल चकतीत धरलेल्या, सिलिंडरवर टेकवून खटका फिरवला की एकदम आत. तिथे पिस्तूल यायला १९९० उजाडलं. चार माणसं गेल्यावरही खात्याने रिव्हॉल्वर लवकर कसं भरता येईल तेवढंच पाहिलं.

रंकाळ्याचा भोंगा

हिंदी पिक्चरच्या हिरोला स्पीडलोडर कधीच लागला नाही, त्याच्या सहा गोळ्या मध्यंतरापर्यंत पुरतात :)

क्वीन्सकर

भोंगेराव :)

दगडफूल, तुम्ही माझीच बाजू भक्कम करताय. स्पीडलोडर १९७० नंतर उपलब्ध होते. न्यूयॉर्कने ते रीतसर दिले गाडेलच्या मृत्यूनंतर. पिस्तुलाबद्दल शंका होत्या, ठीक. एका चकतीबद्दल कसली शंका?

वैशाखवणवा

एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. पोलिसाच्या हातात जास्त गोळ्या म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या अंगात जास्त गोळ्या, ही भीती तेव्हा लोकांनी बोलून दाखवली होती. सत्तरच्या दशकात पसरणाऱ्या गोळ्यांना नागरी हक्कवाल्या संघटनांनी कडाडून विरोध केला. शहराच्या महापौराला निवडून यायचं असतं. दर वाढीव गोळीमागे वर्तमानपत्रात मथळा होणार हे त्याला दिसतं.

आणि ही भीती खोटी ठरली का? ४ फेब्रुवारी १९९९, ब्राँक्स. अमादू डियालो हा गिनीहून आलेला २३ वर्षांचा तरुण आपल्या घराच्या दारात उभा होता, निःशस्त्र. चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. चौघांकडे रिव्हॉल्वर असती तर जास्तीत जास्त २४ झाल्या असत्या आणि मध्ये कुणाला तरी थांबावंच लागलं असतं. क्वीन्सकर, गाडेलचं नाव घेताना डियालोचंही घ्या.

क्वीन्सकर

वैशाखवणवा, घेतो. त्या प्रकरणावर इथे किती मोर्चे निघाले ते माहीत आहे. पण २४ गोळ्यांनीही तो गेलाच असता. दोष चुकीच्या माणसावर बंदूक रोखण्यात होता.

नेमाबद्दल एक आकडा देतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड संस्थेने अभ्यास केला, अहवाल २००८ चा. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी १८ टक्के गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. १८ टक्क्यांच्या हिशोबाने सहा गोळ्यांत एक लागते. ती लागली नाही तर पुढे काय?

वैशाखवणवा

आणि उरलेल्या ८२ टक्के कुठे जातात? माझा प्रश्न तोच आहे.

दगडफूल

दोघांचंही बरोबर आहे, आणि विलंबाचं खरं उत्तर याच ओढाताणीत आहे. न्यूयॉर्कने ९ एमएम दिलं, पण सुरुवातीला पसरणारी गोळी दिली नाही, पूर्ण तांब्याचं कवच असलेली आरपार जाणारी दिली. पसरणारी गोळी मंजूर झाली १९९८ मध्ये, कारण आरपार गेलेल्या गोळ्या मागच्या लोकांना आणि खुद्द पोलिसांना लागत होत्या. आणि चाप हलका असू नये म्हणून ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलात मुद्दाम जड स्प्रिंग बसवली. कारखान्यातून येणारा ग्लॉकचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. न्यूयॉर्कने तो रिव्हॉल्वरच्या जवळ, साडेपाच किलोपर्यंत नेला. नवं हत्यार घेतलं आणि चाप जुन्यासारखा करून घेतला, इतकी धास्ती होती.

हडसनपलीकडे

न्यू जर्सीतून. आमच्या राज्य पोलिसांनी न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकातच, हेकलर अँड कॉख कंपनीचं पी-७ घेतलं होतं. फार वेगळं हत्यार. मुठीच्या पुढच्या अंगाला एक पट्टी असते, मूठ आवळली की ती आत दबते आणि पिस्तूल सज्ज होतं. हात सैल सोडला की पुन्हा निर्धोक. खाकीकाकांनी सांगितलेल्या भीतीवर जर्मनांनी काढलेला तोडगा म्हणा. महाग मात्र भयंकर.

मग प्रश्न असा, की नदीच्या या काठाला जमलं ते पलीकडच्या काठाला का नाही?

दगडफूल

माझ्या मते संख्येमुळे. न्यूयॉर्कला जवळपास तीस हजार माणसं. प्रत्येकाला नवं हत्यार, नवं म्यान, मॅगझिनची पाकिटं, आणि सगळ्यात महाग म्हणजे प्रशिक्षणासाठी रस्त्यावरून काढून घेतलेले दिवस. त्याच शहरातल्या भुयारी रेल्वेच्या पोलिसांचं दल तेव्हा वेगळं आणि लहान होतं. विल्यम ब्रॅटन १९९० मध्ये त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी आपल्या लोकांना ९ एमएम मिळवून दिलं. लहान दल लवकर वळतं.

दुसरं असं की अमेरिकेत पोलीस खाती अठरा हजारांच्या आसपास आहेत. गृहमंत्रालयाने फतवा काढला आणि सगळीकडे हत्यार बदललं असं तिथे होतच नाही. इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७ सालीच स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ घेतलं होतं. त्यांचं कारणही वेगळं होतं. ड्यूटी नसतानाही हत्यार जवळ बाळगायची सक्ती होती, आणि कपड्याखाली लपणाऱ्या आखूड रिव्हॉल्वरवर लोकांचा नेम बसत नव्हता. चपटं पिस्तूल दोन्ही वेळेला चालायचं. पण शेजारच्या राज्याला ते बंधनकारक थोडंच होतं?

घाटावरचा

पैशाबद्दल मी पहिल्याच प्रतिसादात बोललो होतो, आता नीट लिहितो. ग्लॉक अमेरिकेत आलं १९८६ च्या सुमारास. फ्रेम प्लॅस्टिकची, भाग कमी, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, वेगळा सेफ्टीचा खटका नाही. रिव्हॉल्वरसारखंच, म्यानातून काढा आणि चाप ओढा. पण कंपनीची खरी हुशारी विक्रीत होती. तुमची जुनी रिव्हॉल्वरं आम्हाला द्या, त्या बदल्यात नवी पिस्तुलं घ्या, फरक थोडाच भरा. जुनी रिव्हॉल्वरं पुढे बाजारात विकली जायची. नगरपालिकेला अंदाजपत्रकात मोठा आकडा दाखवावा लागला नाही तिथे सगळ्या शंका फिटल्या. पोलिसांचीच जुनी हत्यारं पुढे कुणाच्या हाती पडली हा वेगळा आणि वाईट विषय.

निशिकसाईची पोस्ट

अवांतर. इथे तोक्योत रस्त्यावरच्या पोलिसाकडे आजही रिव्हॉल्वरच असतं. १९६० पासून न्यू नांबू एम-६०, पाच गोळ्यांचं, .३८ चं. अलीकडे स्मिथ अँड वेसनचं साकुरा, तेही पाचच गोळ्यांचं. कमरेला गोफासारखी दोरी असते, हत्यार हिसकावलं जाऊ नये म्हणून. माझ्या मुलाला चौकीतल्या काकांच्या त्या दोरीचंच जास्त कुतूहल आहे. इथे गोळी झाडण्याची वेळच इतकी क्वचित येते की बदलाची घाई कुणाला वाटत नसावी.

सुरंगी

निशिकसाई, अवांतर नाही, हाच मुख्य मुद्दा आहे. समोरच्याच्या हातात काय आहे त्यावर पोलिसाच्या हातात काय हवं ते ठरतं. अमेरिकेतही गल्लीतल्या गुंडाकडे स्वस्त रिव्हॉल्वर होतं तोवर पोलिसाचं .३८ पुरत होतं. ऐंशीच्या दशकात क्रॅक या कोकेनच्या प्रकाराच्या धंद्याने पैसा आणला आणि धंद्यातल्या पोरांकडे पिस्तुलं आली. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली दोन हजार दोनशेच्या वर खून झाले.

दगडफूल

आणि ११ एप्रिल १९८६ ची मायामीची चकमक. एफबीआयचे आठ एजंट, समोर दोन दरोडेखोर, एकाकडे रुगर मिनी-१४ रायफल. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. काही एजंटांकडे रिव्हॉल्वर होती, काहींकडे ९ एमएम पिस्तुलं. पिस्तुलातली एक ९ एमएम गोळी मुख्य हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला.

चौकशीनंतर एफबीआयने आधी १० एमएम घेतलं, ते धक्क्याला फार जड निघालं, म्हणून त्याचा सौम्य अवतार .४० स्मिथ अँड वेसन १९९० मध्ये बाजारात आला. या शतकात गोळ्या सुधारल्यावर एफबीआय पुन्हा ९ एमएमवर परतली. म्हणजे १९८६ मध्ये कुणी घाईने ९ एमएम घेतलं असतं तर त्याच्या हातात जी गोळी पडली असती ती आजची नव्हती.

निवृत्त खाकी

मला कुणीतरी हे सांगा, ज्या खात्यांनी घाई केली त्यांचं काय झालं?

हडसनपलीकडे

काका, राजधानी वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या. तिथल्या शहर पोलिसांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ग्लॉक घेतलं आणि त्याच सुमारास भराभर भरतीही केली. वॉशिंग्टन पोस्टने १९९८ मध्ये शोध मालिका छापली, तिला पुलित्झर मिळालं. दहा वर्षांत चुकून गोळी सुटण्याचे शंभरावर प्रकार झाले होते, आणि अनेकांचा वार्षिक सरावही झालेला नव्हता. ग्लॉक साफ करायला उघडण्याआधी चाप ओढावा लागतो. चेंबरमध्ये गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटते.

निवृत्त खाकी

टेबलाचा खण, तंतोतंत.

क्वीन्सकर

मूळ प्रश्नाकडे येतो. गोळीचा आकार, चेंबरमध्ये राहिलेली गोळी, वॉशिंग्टन, हे सगळं वाचून साठ-सत्तरच्या दशकातला विलंब मला समजतो. तेव्हा रिव्हॉल्वर हेच शहाणपणाचं हत्यार होतं असं इथे पटवून दिलंत. पण १९८६ ते १९९३ बद्दल माझं मत तेच आहे. लॉस एंजेलिसने १९८६ मध्येच बेरेटा ९२ दिलं, नदीपलीकडे पी-७ होतं, भुयारी रेल्वेवाल्यांकडे १९९० ला ९ एमएम होतं. शेजाऱ्यांचा अनुभव डोळ्यांसमोर असताना तीस हजार माणसांना सहा गोळ्यांवर ठेवणं हे सावधपणात बसत नाही.

निवृत्त खाकी

क्वीन्सकर, तुमचा राग समजतो. पण तुम्ही हत्यार मोजताय, मी सरावाचे तास मोजतो. त्या सात वर्षांत तीस हजार लोकांना चेंबर तपासायची सवय लावायला किती उस्ताद होते, किती रेंज होत्या, ते पाहावं लागेल. सवय लागल्याशिवाय पिस्तूल वाटणाऱ्या अधिकाऱ्याला मी वेगवान म्हणणार नाही. आमच्याकडे ९ एमएम आलं तेव्हा एक दुपार वर्ग झाला, आणि दुसऱ्या दिवशी तेच कमरेला लावून आम्ही गणपतीच्या बंदोबस्ताला उभे होतो. गर्दीत हात सारखा त्याच्यावर जायचा, खटका लावलाय ना हे चाचपायला.

वैशाखवणवा

खाकीकाका, +१. तासांचा हिशोब कुठल्याही अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापतात.

दगडफूल

शेवटची माहिती, क्वीन्सकरांसाठी. १९९३ ला मुभा मिळाली तरी जुन्यांना रिव्हॉल्वर ठेवता येत होतं. अनेकांनी ठेवलंही. न्यूयॉर्कमध्ये शेवटची रिव्हॉल्वरं जमा झाली ऑगस्ट २०१८ मध्ये. तोवर दीडशेच्या आसपास पोलीस स्वखुशीने तेच लावून फिरत होते.

क्वीन्सकर

त्यांतले एक गृहस्थ आमच्या भागात होते. त्यांच्या पट्ट्याला दोन स्पीडलोडरही असायचे.